हातानं शिकायची अभियांत्रिकी: हायस्कूलच्या तासाला मुलं नेमकं करतात काय?

बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या शाळांच्या आणि क्लासच्या फलकांवर आता रोबोटिक्स, कोडिंग, टिंकरिंग, थ्रीडी प्रिंटिंग असे शब्द सर्रास दिसतात. आठवी-नववीतलं पोर त्या तासाला काय करतं आणि त्यातून त्याच्या डोक्यात काय उतरायला हवं, ते मात्र फलकावर मावत नाही. मग पालक दोनच गोष्टी बघतात: फी किती, आणि मुलानं घरी काय बनवून आणलं. या दोन्हींवरून तास चांगला की वाईट हे कळत नाही. म्हणून आधी हा विषय आतून कसा असतो ते बघू.

एखादी गरज आकड्यांत मांडायची, त्या आकड्यांवरून वस्तू बनवायची, ती तपासायची, कुठं बिघडलं ते शोधायचं आणि आकडे बदलून पुन्हा बनवायची. अभियांत्रिकीचं काम असं चालतं, मग वस्तू पूल असो की मिक्सर. हायस्कूलच्या तासात वस्तू लहान असली तरी चालेल, पण ही वाट मुलाला पुरती चालायला मिळाली पाहिजे. खोक्यातले सुटे भाग चित्र बघून जोडले आणि गाडी पळाली की मूल खूश होतं, आणि सुरुवात म्हणून ते ठीकच आहे. पण त्या गाडीतले सगळे निर्णय किट बनवणाऱ्यानं आधीच घेतलेले असतात: चाक केवढं, मोटार कितीची, बॅटरी कुठं. मुलाच्या वाट्याला स्क्रू पिळणंच उरतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊ. नववीच्या मुलांना सांगितलं, कुंडीतली माती सुकली की रोपाला आपोआप पाणी मिळेल असं काहीतरी करा. लागणारं सामान थोडं आहे: आर्डुइनो उनो नावाचा, प्रोग्रॅम भरता येणारा छोटा बोर्ड, मातीचा ओलावा ओळखणारा दोन दातांचा सेन्सर, एक रिले (बोर्डाच्या इशाऱ्यावर चालू-बंद होणारा स्विच), आणि बॅटरीवर चालणारा लहानसा पंप. सेन्सरचे दात मातीत खोचले की त्यांच्यामधून थोडा विद्युतप्रवाह जातो. ओल्या मातीत पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार असतात, म्हणून प्रवाह सहज जातो. सुक्या मातीत अडतो. बोर्ड हा फरक व्होल्टच्या रूपात वाचतो आणि त्याचा आकडा करतो. शून्य ते ५ व्होल्टच्या अंतराच्या तो १०२४ पायऱ्या पाडतो, म्हणजे एक पायरी साधारण ५ मिलिव्होल्टची. स्क्रीनवर शून्य ते १०२३ यांतला कुठलातरी आकडा दिसतो. बहुतेक सेन्सर असे जोडलेले असतात की माती सुकी तर आकडा मोठा, ओली तर लहान.

इथवर किटचं काम झालं. खरा तास आता सुरू होतो, कारण प्रश्न येतो: कितीला ‘सुकी’ म्हणायचं?

हे पुस्तकात सापडत नाही. खानापूरची तांबडी माती आणि अथणीकडची काळी माती घ्या, दोन्हींत मोजून सारखंच पाणी घाला, सेन्सर वेगवेगळे आकडे दाखवेल. काळ्या मातीत चिकणमातीचे बारीक कण जास्त, ती पाणी धरून ठेवते, क्षारांचं प्रमाणही वेगळं. म्हणजे मुलांना आपल्या मातीचा तक्ता आपणच करावा लागतो. उन्हात चांगली वाळवलेली माती ५०० ग्रॅम घ्यायची, ५० मिलिलिटर पाणी घालून कालवायची, आकडा लिहायचा. पुन्हा ५०, पुन्हा आकडा. मग आलेख काढायचा. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. गणिताच्या तासाला ज्याला आलेख म्हणजे दोन रेघा आणि काही ठिपके एवढंच वाटतं, त्या मुलाला इथं पहिल्यांदा कळतं की आलेख कशासाठी काढतात. मला या सगळ्या प्रकल्पात हा टप्पा सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि घाई झाली की नेमका हाच गाळला जातो.

समजा मुलांनी ठरवलं की आकडा ६०० च्या वर गेला की पंप चालू, खाली आला की बंद. प्रोग्रॅम लिहिला, जोडणी झाली, आणि रिले कट-कट-कट वाजायला लागला. आकडा ६०१ झाला, पंप सुरू. चार थेंब पडले, ५९९ झाला, पंप बंद. लगेच पुन्हा ६०१. प्रोग्रॅममध्ये चूक नाही, तरी यंत्र बिघडल्यासारखं वागतं. उपाय असा की एकाऐवजी दोन आकडे ठरवायचे: ७०० च्या वर गेला की चालू, आणि ४५० च्या खाली येईपर्यंत बंद करायचं नाही. मधल्या पट्ट्यात पंप आहे त्या स्थितीत राहतो. घरातला फ्रिज याच पद्धतीनं चालतो, म्हणून त्याचा कॉम्प्रेसर दर सेकंदाला चालू-बंद होत नाही. याला हिस्टेरिसिस म्हणतात. नाव अवघड आहे, पण ज्यानं तो कट-कट आवाज ऐकलाय त्याला ते दुसऱ्यांदा समजावावं लागत नाही.

पुढं आणखी एक अडचण येते. पाणी वरून पडतं, सेन्सर खाली रुतलेला. पाणी तिथवर झिरपायला वेळ लागतो. तोवर सेन्सर ‘सुकं, सुकं’ म्हणत राहतो आणि पंप ओततच राहतो. कुंडीखाली तळं साचतं. मग मुलं सुचवतात, पाच सेकंद पाणी सोडायचं, दोन मिनिटं थांबायचं, मग पुन्हा वाचायचं. इंजिनिअरिंग कॉलेजात कंट्रोल सिस्टिमच्या विषयात हीच गोष्ट समीकरणं मांडून शिकवतात. चौदा वर्षांच्या मुलाला समीकरण येत नसलं तरी उशिरा मिळणाऱ्या माहितीवर घाईनं निर्णय घेतला की काय होतं, ते डोळ्यांनी दिसतं.

काही दिवसांनी आकडे भलतेच यायला लागतात. मुलं प्रोग्रॅम तपासतात, त्यात काही सापडत नाही. सेन्सर उपसून बघितला तर दातांवरचा धातू खाल्लेला. ओल्या मातीतून एकाच दिशेनं सतत प्रवाह गेला की विद्युत अपघटन होतं आणि धातू झिजतो. दहावीच्या विज्ञानात विद्युत अपघटन येतंच. यावर उपाय म्हणजे सेन्सरला कायम वीज द्यायची नाही. अर्ध्या तासानं एकदा, सेकंदभर द्यायची, आकडा वाचायचा आणि बंद. किंवा धातू उघडा नसलेला कपॅसिटिव्ह जातीचा सेन्सर वापरायचा.

शेवटी शिक्षकांनी एकच विचारायचं: सेन्सरची वायर निसटून तो बाहेर पडला तर? हवेत तो ‘सुकं’ म्हणणार, आणि बादली रिकामी होईपर्यंत पंप चालणार. म्हणून प्रोग्रॅममध्ये आणखी एक अट लागते, की काहीही झालं तरी पंप दिवसात अमुक मिनिटांपेक्षा जास्त चालणार नाही. बिघाड होणार हे धरूनच रचना करायची, आणि तो झाला तरी नुकसान कमीत कमी होईल असं बघायचं. विमान बनवणारेही याच रीतीनं विचार करतात.

एका कुंडीत एवढं सगळं मावतं. म्हणून वर्षाला दहा प्रकल्प उरकण्यापेक्षा दोन प्रकल्प तळापर्यंत नेणारी शाळा मला जास्त भरवशाची वाटते.

मोजमाप, आणि उद्यमबागेची शिकवण

इलेक्ट्रॉनिक्सचं सध्या कौतुक फार आहे. त्यात हाताच्या कामाची दुसरी बाजू मागं पडते, ती म्हणजे धातू, लाकूड आणि माती यांचं मोजून केलेलं काम. बेळगावात तर ही बाजू मागं पडायला नको. उद्यमबाग आणि मच्छे भागात ओतकामाचे आणि मशीनिंगचे कारखाने आहेत, हुक्केरी तालुक्यात हत्तरगीला विमानांचे सुटे भाग बनतात.

तिथलं पहिलं तत्त्व असं की कुठलंच माप तंतोतंत नसतं. ड्रॉइंगवर २० मिमी लिहिलं म्हणजे २० च्या आसपास किती चालेल तेही लिहावं लागतं. आंतरराष्ट्रीय मानकातली एक नेहमीची जोडी बघा: भोक २०.००० ते २०.०२१ मिमी, आणि त्यात सहज फिरणारा दांडा १९.९८० ते १९.९९३ मिमी. म्हणजे दोघांमध्ये कमीत कमी ७ आणि जास्तीत जास्त ४१ मायक्रॉनची फट (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. या मर्यादा पाळल्या की भोक बेळगावात पाडा आणि दांडा कोल्हापुरात वळवा, दोन्ही एकमेकांत बसतात. कारखानदारी या भरवशावर उभी आहे.

शाळेत हे शिकवायला लेथ लागत नाही. वर्गाचे दोन गट करा. एकानं प्लायवूडच्या तुकड्यात खाच करायची, दुसऱ्यानं तिच्यात बसणारी पट्टी. दोघांना ड्रॉइंग एकच, पण काम संपेपर्यंत एकमेकांच्या वस्तू बघायच्या नाहीत. करवत, कानस, गुण्या आणि बारीक माप घेणारा व्हर्नियर एवढीच हत्यारं. पहिल्या फेरीत निम्म्या जोड्या बसत नाहीत किंवा खुळखुळतात, आणि चूक कुणाची यावरून वाद होतो. व्हर्नियरनं मोजल्यावर कळतं की दोघांनीही ‘बरोबर’च केलंय, ड्रॉइंगनंच किती सूट चालेल ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या फेरीत मुलं स्वतःहून विचारतात, ‘सर, कमी-जास्त किती चालेल?’ हा प्रश्न आला की शिक्षकानं समजावं, धडा पोचला.

ओतकामातली एक गोष्टही मुलांना फार भावते. वितळलेलं लोखंड साच्यात थंड होताना आकसतं, बिडाच्या बाबतीत साधारण एक टक्का. म्हणून एक मीटर लांबीचा भाग हवा असेल तर साचा उठवायचा लाकडी नमुना, म्हणजे पॅटर्न, सुमारे १० मिमी मोठा करतात, आणि पॅटर्न करणाऱ्याची पट्टीच मुळात तेवढी ताणलेली असते. शाळेत लोखंड ओतता येणार नाही, पण खानापुरात माती आहे आणि भांडी-कौलं भाजायची जुनी परंपरा आहे. ओल्या मातीची वडी थापून तिच्यावर १०० मिमीची रेघ मारा. वाळल्यावर मोजा, भाजल्यावर पुन्हा मोजा. मग मुलांना सांगा, भाजल्यावर बरोबर १०० मिमी भरेल अशी फरशी करून दाखवा. टक्केवारीचं गणित यापेक्षा चांगलं कुठं समजेल?

पुलाचा प्रयोग बहुतेक शाळांना माहीत आहे, म्हणून त्यावर थोडंच सांगतो. प्लास्टिकची पट्टी आडवी धरून वाकवा, लगेच वाकते. तीच उभी धरून वाकवा, हलत नाही. पट्टी ३० मिमी रुंद आणि ३ मिमी जाड असेल तर उभी धरल्यावर ती शंभरपट ताठ होते. वाकण्याला होणारा विरोध रुंदीच्या प्रमाणात, पण उंचीच्या घनाप्रमाणे वाढतो (उंची दहापट म्हणून हजारपट, रुंदी दहावा हिस्सा म्हणून शेवटी शंभरपट), म्हणून घराच्या तुळया उभ्या आयताच्या असतात. कागदी पूल करताना हे माहीत असलं की मूल उगाच कागद वाढवत बसत नाही.

थ्रीडी प्रिंटरलाही हेच मोजमाप लागतं. तो साधारण २०० अंश सेल्सिअसला प्लास्टिकची तार वितळवतो आणि ०.२ मिमीच्या थरांवर थर चढवत जातो. त्यानं केलेलं भोक ठरवल्यापेक्षा बहुधा किंचित लहान येतं, म्हणून एकमेकांत बसणाऱ्या भागांत थोडी फट आधीच ठेवावी लागते. इंटरनेटवरून तयार आकृती उतरवून गणपती छापला तर हे कळत नाही. आपल्याच सायकलच्या घंटीचा तुटलेला भाग मोजून, त्याची आकृती काढून, छापून बसवायला गेलं की कळतं.

सायकलवरून लक्ष्मणराव किर्लोस्करांची आठवण होते. त्यांचा जन्म १८६९ चा, त्या वेळच्या बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचा. चित्रकार व्हायला मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये गेले, रंग नीट ओळखता येत नाहीत असं कळलं, आणि यंत्रांच्या रेखाटनाकडं वळले. १८८८ मध्ये बेळगावात भावाबरोबर सायकलींचं दुकान काढलं. पुढं इथंच कडबा कापायचं यंत्र आणि लोखंडी नांगर बनवला. लोखंडानं जमीन नासते या समजुतीमुळं शेतकरी तो नांगर घ्यायला बराच काळ तयार नव्हते. १९१० मध्ये कारखाना कुंडलजवळ, आजच्या किर्लोस्करवाडीला गेला. त्यांनी आधी कागदावर रेखाटायला शिकून घेतलं आणि मग हत्यार धरलं, हा क्रम आजच्या तासालाही लागू आहे. मुलानं वस्तू बनवण्याआधी मापांसह तिचं चित्र काढलंच पाहिजे.

सोय कुठं आहे

नीती आयोगाच्या अटल इनोव्हेशन मिशननं २०१६ पासून शाळांना अटल टिंकरिंग लॅब द्यायला सुरुवात केली. सहावी ते बारावीच्या मुलांसाठी ही प्रयोगशाळा असते. शाळेला एकूण २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळतं: १० लाख उभारणी आणि साधनांसाठी, १० लाख पुढच्या पाच वर्षांच्या खर्चासाठी. देशभरात अशा सुमारे १०,००० लॅब झाल्या आहेत, आणि २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात सरकारी शाळांमध्ये पाच वर्षांत आणखी ५०,००० लॅब करण्याची घोषणा झाली. याशिवाय कर्नाटकात काही सरकारी हायस्कूलांमध्ये नववीपासून व्यवसाय शिक्षणाचे विषय आहेत, आणि ज्युनियर टेक्निकल स्कूलची जुनी व्यवस्था आहे, जिथं एसएसएलसीलाच (म्हणजे दहावीला) यंत्र, वीज आणि अभियांत्रिकी रेखाटन हे विषय असतात.

पण मला सगळ्यात जवळचा वाटतो तो पाबळचा नमुना. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून मूलभूत तंत्रज्ञानाचा जो अभ्यासक्रम तयार झाला, त्यात आठवी ते दहावीची मुलं आठवड्यातला एक दिवस हातानं काम करतात. अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, शेती-पशुपालन, गृह आणि आरोग्य असे चार विभाग असतात, आणि शिकता शिकता गावाला लागणाऱ्या वस्तू आणि सेवा मुलं करून देतात. महाराष्ट्रातल्या अनेक शाळांत तो दहावीच्या परीक्षेचा विषय आहे. सीमाभागातल्या मराठी शाळांना त्याची मराठी पुस्तकं जशीच्या तशी वाचता येतील, हा फायदा साधा नाही. बोर्ड वेगळं आहे, म्हणून परीक्षेत गुण मिळणार नाहीत. पण शनिवारी दोन तास तो चालवायला कुणी अडवत नाही.

भाषेचा मुद्दा आपल्याकडं टाळता येत नाही. मूल दहावीपर्यंत मराठीत शिकतं, आयटीआय किंवा डिप्लोमाला गेलं की पुस्तकं इंग्रजीत किंवा कन्नडमध्ये, आणि कारखान्यात तिन्ही भाषा एकाच वाक्यात. म्हणून संकल्पना मराठीतच समजावून द्याव्यात, पण वहीत प्रत्येक हत्याराचं आणि क्रियेचं नाव तिन्ही भाषांत लिहून घ्यावं. कानस धरता येणाऱ्या मुलाला ‘फाइल’ हा शब्द पाठ करायला वेळ लागत नाही. उलटं झालं, म्हणजे शब्द पाठ आणि हत्यार कधी धरलंच नाही, तर पहिल्या सहामाहीतच पोर मागं पडतं.

आणखी एक गैरसमज: हे तास ‘अभ्यासात कच्च्या’ मुलांसाठी असतात. पीयूसी (अकरावी-बारावी) सायन्सला जाणाऱ्या मुलीला याची गरज तेवढीच आहे. एसएसएलसीनंतरचे रस्ते असे: आयटीआयमध्ये फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन हे ट्रेड दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा तीन वर्षांचा, आणि त्यानंतर डीसीईटी ही प्रवेश परीक्षा देऊन थेट इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला प्रवेश. उद्यमबागेतल्या सरकारी टूल रूममध्ये साचे आणि डाय बनवण्याचा डिप्लोमा आहे. हे सगळे मार्ग मुलींनाही खुले आहेत. आपल्या मुलीला मशीन बघायला नेणारे पालक कमी आहेत, तेवढंच.

सुरक्षेचे नियम सगळ्यांना सारखे. फिरत्या मशीनजवळ मोकळे केस, ओढणी, सैल बाही, बांगड्या, हातातला दोरा चालत नाहीत. ड्रिलवर काम करताना हातमोजेही घालायचे नाहीत, कारण मोजा अडकला की हात ओढला जातो. चष्मा प्रत्येकाच्या डोळ्यावर हवा, नुसत्या काम करणाऱ्याच्या नाही. सोल्डरिंग खिडकीजवळ करायचं आणि नंतर साबणानं हात धुवायचे. आणि २३० व्होल्टला मुलांनी हात लावायचा नाही. सगळे प्रकल्प १२ व्होल्टच्या आत बसतात. शेतातल्या थ्री-फेज मोटारीला रिले जोडून बघायचा मोह गावाकडच्या मुलांना हमखास होतो. तो पहिल्याच दिवशी स्पष्ट शब्दांत मोडून काढावा.

शाळेत चौकशीला जाल तेव्हा लॅब किती लाखांची ते विचारण्यापेक्षा मुलांच्या वह्या बघायला मागा. त्यात मापं, खोडाखोड आणि न चाललेल्या प्रयोगांची नोंद असेल तर तास खरा चालतो. न चाललेली वस्तू दाखवा म्हणावं आणि ती का चालली नाही हे शिक्षकांना न विचारता मुलाला विचारावं. उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यात मुलांना नेतात का, तिथल्या एखाद्या जुन्या फिटरला शाळेत बोलावतात का, हेही विचारावं. शेवटी वेळापत्रक बघा. चाळीस मिनिटांच्या तासिकेत सामान काढण्यात आणि आवरण्यात निम्मा वेळ जातो, म्हणून दोन तासिका सलग हव्यात. त्या नसतील तर मुख्याध्यापकांकडं सगळ्यात आधी तेवढीच मागणी करा; त्याला अनुदान लागत नाही.